उदासीवरचे जुने युरोपियन काढे: कसे करायचे आणि त्यातलं काय अजिबात करायचं नाही

सगळ्यात आधी घट्ट झाकणाचं भांडं घ्या. स्टील चालेल, काच चालेल, इनॅमल चालेल, लोखंडी नको, कारण मुळांमधलं टॅनिन लोखंडाला लागलं की काढा शाईसारखा काळा होतो आणि तुम्हाला वाटेल हेच ते काळं पित्त. झाकण मात्र पाहिजेच, का ते पुढे सांगतो.

आता हे काढे होते कशासाठी ते दोन मिनिटं समजून घ्या, नाहीतर जुन्या कृती वाचताना काही टोटलच लागत नाही. जुने युरोपियन वैद्य उदासीला मेलँकली म्हणायचे, हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ सरळ काळं पित्त. त्या वैद्यांच्या हिशेबात शरीरात चार द्रव, रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त, आणि दुसऱ्या शतकात पर्गमॉनच्या गेलेन या ग्रीक वैद्याने ही मांडणी इतकी पक्की करून ठेवली की पुढे हजारभर वर्षं तिला कोणी धक्का लावला नाही. काळं पित्त थंड आणि कोरडं, त्याचा ऋतू शरद, त्याचं घर प्लीहा. तेलाच्या बुधलीत तळाशी गाळ बसतो ना तसं जड आणि चिकट, त्याची वाफ डोक्यात चढली की माणूस गप्प होतो, कारण नसताना घाबरतो, रात्रभर टक्क जागा राहतो असं मानायचे. आणि गाळ आहे म्हटलं की तो ढवळून बाहेर काढायचा हे ओघाने आलंच. असलं काळं पित्त शरीरात नसतं हे आज माहीत आहे, त्यामुळे जुलाब झाले म्हणून उदासी जात नाही, हे आधीच स्पष्ट सांगून टाकतो म्हणजे पुढे कोणी वाद घालायला नको.

मी बरीच वर्षं या जुन्या कृती वाचतोय, काही करूनही बघतो, आणि माझं मत असं झालंय की या काढ्यांमध्ये दोन वेगळी कामं एकाच भांड्यात कोंबलेली असतात. एक काम बाहेर काढायचं, म्हणजे जुलाब. दुसरं काम मनाला उभारी द्यायचं, म्हणजे सुगंधी पानं आणि फुलं. ही दोन कामं एकदा वेगळी दिसायला लागली की कुठलीही कृती समोर ठेवा, लगेच कळतं कुठली वस्तू कशासाठी आहे. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट बर्टनने १६२१ साली मेलँकलीवर एक अवाढव्य पुस्तक काढलं, त्याच्या १६२८ च्या आवृत्तीत पहिल्याच पानावर चित्रं आहेत आणि त्यात दोन झाडं शेजारी शेजारी काढलीत, बोरेज आणि हेलेबोर. एक खुलवणारं, एक धुऊन काढणारं. सगळा प्रकार त्या दोन चौकटीत आला.

त्यातल्या हेलेबोरला हात लावायचा नाही. कोणत्याही कारणाने, थोडंसं बघूया म्हणूनही नाही. मुळं काळी म्हणून नाव काळं हेलेबोर, फूल मात्र छान पांढरं आणि ऐन थंडीत येतं म्हणून ख्रिसमस रोज म्हणून बागेत लावतात. त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं आहेत, आणि औषध आणि विष यांच्यात अंतर किती ते घरातल्या तराजूवर मोजता येत नाही. पांढरं हेलेबोर म्हणतात ते तर वेगळ्याच कुळातलं झाड, त्याने आधी उलट्या होतात मग रक्तदाब आणि नाडी एकदम खाली जाते. जुन्या लोकांनाही हे कळत होतं बरं का. थिओफ्रास्टस या प्राचीन ग्रीक वनस्पतिअभ्यासकाने लिहून ठेवलंय की हेलेबोर खणणारे आधी लसूण खायचे आणि वर कडक वाइन प्यायचे, कारण खणताना डोकं जड होतं, आणि काळं हेलेबोर काढायचं तर त्याच्याभोवती रिंगण आखायचं, पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना म्हणत कापायचं आणि गरुड येतोय का ते बघायचं, गरुड जवळ आला तर कापणारा वर्षाच्या आत मरणार. आता गरुडाचं सोडा पण ज्या मुळासाठी माणसं एवढा बंदोबस्त करतात ते मूळ साधं नसणार एवढं तरी कळतं. आणि गंमत म्हणजे थेट द्यायला भीती वाटायची म्हणून हेलेबोरच्या काड्या मुळ्यात टोचून ठेवायचे, मग काड्या काढून टाकून नुसता मुळा खायला द्यायचे. ग्रीसमधलं अँटिकिरा गाव या औषधासाठी इतकं प्रसिद्ध की रोमन लोकांत ‘जा अँटिकिराला’ म्हणजे तुझं डोकं ठिकाणावर नाही असा टोमणा होता. त्याच भागातल्या किर्रा शहराच्या वेढ्याची गोष्ट पॉसेनियस हा जुना ग्रीक प्रवासी सांगतो, अथेन्सच्या सोलनने नदीच्या पाण्यात हेलेबोरची मुळं टाकली, तटावरच्या पहारेकऱ्यांना ते पाणी पिऊन असे जुलाब लागले की तट सोडून पळाले आणि शहर पडलं. खरं खोटं देव जाणे, पण औषध म्हणून देतात तेच शस्त्र म्हणूनही वापरतात ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता मापं. इथे बहुतेक जण आपटतात, मीही आपटलो. जुन्या औषधवाल्यांचा पौंड १२ औंसांचा, आजच्यासारखा १६ चा नाही. एक औंस म्हणजे ८ ड्रॅम, एक ड्रॅम म्हणजे ३ स्क्रुपल, एक स्क्रुपल म्हणजे २० ग्रेन. ग्रॅममध्ये बघाल तर औंस साधारण ३१ ग्रॅम आणि ड्रॅम जेमतेम ४ ग्रॅम. घोळ असा की जुन्या छपाईत ड्रॅमची खूण इंग्रजी तीनच्या आकड्यासारखी दिसते आणि औंसची खूणही तशीच, फक्त डोक्यावर एक जास्तीचा फाटा. मी एकदा दोन ड्रॅम ज्येष्ठमध लिहिलेलं दोन औंस वाचलं, म्हणजे आठपट, आणि मला वाटलं वा किती उदार मनाचे होते हे लोक. काढा झाला तो काकवीसारखा गोड, जिभेवरून चव दुसऱ्या दिवशीपर्यंत जाईना, आणि नशीब म्हणजे दोन घोट घेऊन ओतून दिला कारण ज्येष्ठमध जास्त झालं की रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं हे मला नंतर कळलं. तीच चूक सोनामुखीच्या बाबतीत झाली असती तर काय झालं असतं ते लिहायला नको. म्हणून खूण भिंगातून बघा, आणि शंका आली तर लहान माप खरं धरा. मूठ म्हणून लिहिलेलं असतं ते पूर्ण मूठ, चिमूट म्हणजे अंगठा आणि दोन बोटं यांच्यात मावेल एवढं, आणि यादीच्या शेवटी ‘आना’ असा शब्द दिसला तर तो कोणाचं नाव नाही, त्याचा अर्थ प्रत्येकी सारखं.

बाहेर काढायचा काढा ते कसा करायचे ते सांगतो, करायला नाही, समजायला. त्यात ठरलेली मंडळी असायची. सोनामुखीची पानं, जी अरबी वैद्यांकडून युरोपात आली. ओकच्या झाडावर वाढणाऱ्या पॉलिपोडी नावाच्या नेच्याचं मूळ, ते चावलं तर आधी गोड लागतं कारण त्यात साखरेच्या शेकडो पट गोड असं एक द्रव्य आहे, मग मागून कडू. थाइमच्या झुडपावर चढणारी अमरवेल, कारण त्यांची समजूत अशी की वेल ज्याच्यावर जगते त्याचे गुण ओढून घेते. फ्युमिटरी, आपल्या पित्तपापड्याची बहीण, राखाडी पानांची, लांबून जमिनीतून धूर निघाल्यासारखी दिसते म्हणून तिचं लॅटिन नावच मुळी जमिनीचा धूर. हे सगळं बऱ्याचदा पाण्याऐवजी दुधाच्या निवळीत उकळायचे, कारण काळं पित्त कोरडं म्हणून ओलावा देणारं माध्यम हवं. आणि सोनामुखीने पोटात मुरडा येतो म्हणून सोबत आलं नाहीतर शोपेसारखं काही वायू मोडणारं घालायचे, त्याला ते दुरुस्ती म्हणायचे, हा शब्द मला फार आवडतो, एका वस्तूचा वाईटपणा दुसरीने दुरुस्त करायचा.

पण हे प्यायच्या आधी कित्येक दिवस नुसती तयारी चालायची आणि खरं सांगू का, मला सगळ्या प्रकारात तेवढाच भाग शहाणपणाचा वाटतो. घट्ट गाळ एकदम हलत नाही म्हणून आधी तो पातळ करायचा, त्यासाठी कोमट पाण्याची आंघोळ, पातळ सूप, बार्लीचं पाणी, बोरेजचं सरबत, वेळेवर झोप, मोकळ्या हवेत हलका फेरफटका, सोबतीला चार माणसं, गाणंबजावणं. उदास माणसाला आठवडाभर कोणीतरी गरम सूप करून घालतंय, आंघोळीला पाणी काढतंय, त्याच्याशी बोलतंय, मग शेवटी एक दिवस जुलाब देतंय, आणि बरं वाटलं तर नाव होतं जुलाबाचं.

सोनामुखीचा काढा घरी करू नका, कारण पानात द्रव्य किती आहे ते प्रत्येक वेळी वेगळं असतं आणि पातेल्यात ते मोजता येत नाही. बद्धकोष्ठासाठी लागलीच तर मेडिकलमधली मोजून केलेली गोळी मिळते, रात्री घेतली की सकाळी काम करते, सलग आठवड्याच्या वर घेऊ नये, गरोदरपणात, आतड्याच्या आजारात आणि लहान मुलांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. उदासीसाठी तिचा उपयोग शून्य, उलट अंगातलं पाणी आणि क्षार गेले की माणूस अजूनच गळून जातो.

आता करायचा तो काढा, म्हणजे दुसरं काम, उभारीवालं. साधारण अर्धा लिटर होईल असं धरून सांगतो. पाणी पाऊण लिटर, एक सफरचंद सालासकट चकत्या करून, ज्येष्ठमधाचा छोटा तुकडा, बोटाच्या एका पेराएवढा, रक्तदाब असेल तर तो वगळा, बडीशेप एक चमचा जाडसर कुटून, लेमन बामची (पुदिन्याच्या कुळातली, लिंबाच्या वासाची) वाळलेली पानं दोन मोठे चमचे किंवा ताजी असतील तर दोन मुठी, गुलाबाच्या पाकळ्या दोन चिमटी, गोड वासाच्या व्हायोलेटची फुलं मिळाली तर चिमूटभर, आणि बोरेजची ताजी फुलं सातआठ. सफरचंद कुठून आलं म्हणाल तर राजा सापूरच्या नावाचं एक जुनं सरबत होतं, सफरचंदाचा रस, बोरेज आणि सोनामुखी घातलेलं, मेलँकलीवर फार चालायचं, त्यातली सोनामुखी आपण काढून टाकली की उरलेलं सरबत अगदी सज्जन आहे.

क्रम महत्त्वाचा, सगळी कला त्यातच आहे. निकोलस कल्पेपर म्हणून लंडनचा एक वैद्य होता, त्याने १६४९ साली तिथल्या वैद्यांच्या कॉलेजचा लॅटिनमधला औषधांचा ग्रंथ सरळ इंग्रजीत आणला, म्हणजे गरिबालाही आपलं औषध आपण करता यावं, कॉलेजवाले अर्थातच भडकले. त्याने काढ्याचा नियम घालून दिलाय: मुळं आधी आणि बराच वेळ, मग साली, मग पानं, मग बिया, मग फुलं, मसाले सगळ्यात शेवटी. मी पानांना इतक्या लवकर घालत नाही, निदान लेमन बामला तरी नाही, कारण तिचा सगळा जीव वासात आहे आणि तो पाच मिनिटं उकळलं की स्वयंपाकघरात जातो, कपात येत नाही.

तर थंड पाण्यात ज्येष्ठमध आणि सफरचंद घाला, गॅस लावा, उकळी आली की बारीक करा, पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, खळखळ नको. झाकण अर्धवट ठेवून वीसेक मिनिटं. चकत्या काचेसारख्या पारदर्शक व्हायला लागतात आणि पाण्याला फिकट सोनेरी रंग येतो, तेव्हा बडीशेप टाका, आणखी पाच मिनिटं. मग गॅस बंद. बंद करून एक मिनिट थांबा, मग लेमन बाम, पाकळ्या आणि असतील तर व्हायोलेटची फुलं टाका, आणि लगेच झाकण घट्ट. दहा मिनिटं उघडून बघायचं नाही, मन कितीही झालं तरी. उघडाल तेव्हा झाकणाच्या आत थेंब जमलेले असतील, ते सिंकमध्ये झटकू नका, झाकण तिरकं करून सगळे थेंब परत भांड्यात पाडा, एक थेंब बोटावर घेऊन हुंगून बघा, लिंबाचा वास त्यातच सगळ्यात जास्त असतो. मग सुती फडक्यातून गाळा आणि फडकं पिळा.

बोरेजची फुलं शिजवायचीच नाहीत. ताजं फूल देठाकडच्या केसाळ हिरव्या भागातून हलक्या हाताने ओढलं की निळी चांदणी सुटून हातात येते, मधे काळ्या परागकोशांचा टोकदार सुळका, तोच चिमटीत धरून ओढायचं. कपात काढा ओतला की वरून टाका, आणि लिंबाचे दोन थेंब पिळलेत तर निळ्याची कड गुलाबी होत जाते, पोरांना दाखवायला मस्त आहे. फुलं मोजकीच आणि तीही कधीतरी, पानं तर घालूच नका, कारण बोरेजमध्ये यकृताला त्रास देणारे अल्कलॉइड असतात, थोडे असतात पण रोजरोज घेण्यासारखे नाहीत, गरोदर बाईने आणि यकृताचा त्रास असणाऱ्याने पूर्ण टाळावं. आणखी एक, फुलं आलेली नसताना बोरेजची पानं आणि डिजिटॅलिस म्हणजे फॉक्सग्लोव्हची पानं यात लोकांची गफलत झालेली आहे आणि फॉक्सग्लोव्ह हृदय बंद पाडू शकतं, त्यामुळे फूल दिसल्याशिवाय झाड ओळखलं असं म्हणायचं नाही. व्हायोलेट म्हणजे कुंडीतली आफ्रिकन व्हायोलेट नाही, ती वेगळी. आणि गुलाब फुलवाल्याकडचा नको, त्यावर फवारा मारलेला असतो.

किती प्यायचा? कल्पेपरचा हिशेब एका वेळेला दोन ते पाच औंस, माणसाचं वय आणि ताकद बघून, म्हणजे साठ ते दीडशे मिली. एक छोटा कप धरा, संध्याकाळी, कोमट. लेमन बामने थोडी सुस्ती येते म्हणून नंतर गाडी चालवायची असेल तर नको, थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा. उरलेला काढा बाटली गच्च भरून फ्रीजमध्ये, दोन दिवस, तिसऱ्या दिवशी ओतून द्या. जुने लोक पाण्याऐवजी वाइनमध्ये करायचे कारण तो टिकतो, पण उदास माणसाला रोज संध्याकाळी वाइनची सवय लावायची ही कल्पना मला काही पटत नाही.

सेंट जॉन्स वर्टबद्दल कोणीतरी विचारणारच. पिवळं फूल, कळी चुरडली की बोटाला लाल डाग पडतो, युरोपात २४ जूनच्या सुमाराला फुलतं म्हणून संत जॉनच्या नावाचं. बर्टनच्या पुस्तकात ते शुक्रवारी गुरूच्या होऱ्यात तोडून गळ्यात बांधायचं असंही आहे. गळ्यात बांधा, माझी हरकत नाही. पोटात घेण्यासारखं मात्र हे साधं पान नाही, सौम्य नैराश्यावर त्याचा परिणाम आजच्या चाचण्यांमध्ये दिसलाय हे खरं, पण तेच झाड यकृताला इतकं कामाला लावतं की गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करायची वॉरफरिन, अवयव बदलल्यावरची औषधं, एचआयव्हीची औषधं, सगळी लवकर शरीराबाहेर जातात आणि काम करत नाहीत, आणि नैराश्याच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं. त्यामुळे ते काढ्यात नाही. चालू असलेली गोळी काढ्याच्या भरवशावर बंद करायची नाही, आणि दोन आठवडे झाले तरी मन वर येत नसेल, झोप आणि जेवण उडालं असेल, तर डॉक्टर गाठा, आणि जगण्यात अर्थ नाही असं मनात यायला लागलं तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी जवळच्या कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा.

फडकं लगेच धुवा, वाळलं की ज्येष्ठमधाचा पिवळा डाग निघत नाही. सफरचंदाच्या शिजलेल्या चकत्या चोथ्यातून वेचून घ्या, त्यांना बडीशेपेची चव लागलेली असते, बाकीचा चोथा कुंडीत.